मिरेना, विमा आणि कागदावर लिहिलेलं कारण

मिरेना, म्हणजे गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं गर्भनिरोधक साधन, बसवून घ्यायचं ठरलं तेव्हा पैशांची काळजी माझ्या मनात नव्हतीच. धाकटी वर्षाची झाली होती, तिसरं मूल नको हे आम्हा दोघांचं पक्कं होतं, गोळ्यांनी माझं डोकं धरायचं. आणि आम्ही राहतो न्यू जर्सीत. २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे, म्हणजे सगळे ज्याला ओबामाकेअर म्हणतात त्यामुळे, इथे गर्भनिरोधनाचा खर्च विमा कंपनीने उचलायचा असतो एवढं मला ठाऊक होतं. १ ऑगस्ट २०१२ पासून पुढे सुरू होणाऱ्या प्रत्येक पॉलिसी-वर्षापासून हा नियम लागू झाला. बाईकडून ना कोपे घ्यायचा, म्हणजे दर वेळी खिशातून द्यायची ठरावीक रक्कम, ना तिचं डिडक्टिबल मध्ये आणायचं, म्हणजे विम्याचे पैसे सुरू होण्याआधी वर्षात आपण भरायची रक्कम. विमा कंपनीच्या यादीतला, म्हणजे नेटवर्कमधला डॉक्टर असेल तर तिला शून्य खर्च.

त्याच्या आधी इथे आलेल्या मैत्रिणी सांगतात, गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटामागे खिशातून पैसे जायचे. मिरेनासारखं साधन तर बऱ्याच जणी विचारातही घेत नसत, कारण नुसत्या साधनाचीच किंमत शेकडो डॉलर, बसवण्याचे पैसे वेगळे. एकदा बसवलं की आठ वर्षं चालतं हे खरं, पण ते सगळे पैसे आधी एकदम काढावे लागतात. एका पगारावर चालणाऱ्या घरात, त्यातून बायको एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाची परवानगी नाही, अशा वेळी ते निघत नाहीत. मग बाई रोजच्या गोळीवर राहते, गोळी कधीतरी चुकते, आणि पुढचं सगळं तिच्याच अंगावर येतं. म्हणून २०१२ चा तो नियम मला फार मोलाचा वाटतो. नवऱ्यासमोर हात न पसरता बाईला स्वतःसाठी निर्णय घेता आला.

मी आधी विमा कंपनीला फोन केला. हे सगळ्यांनीच करावं. पण फोन करण्यापूर्वी क्लिनिककडून कोड मागून घ्यावेत. रिसेप्शनवरच्या बाईंनी मला ते चिठ्ठीवर लिहून दिले: साधनाचा कोड जे ७२९८, बसवण्याच्या प्रक्रियेचा ५८३००, आणि कशासाठी बसवतोय ते सांगणारा निदानाचा कोड झेड ३०.४३०, म्हणजे गर्भनिरोधनासाठी गर्भाशयात साधन बसवणे. या तीन आकड्यांशिवाय फोन केला तर पलीकडचा माणूस "साधारणपणे कव्हर होतं" एवढंच बोलतो, आणि त्याला काही अर्थ नसतो. कोड वाचून दाखवल्यावर मला स्पष्ट उत्तर मिळालं: शंभर टक्के कव्हर, तुम्हाला काही द्यायचं नाही. मी त्या कॉलचा रेफरन्स नंबर, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवलं.

क्लिनिकमध्ये आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट झाली. मग डॉक्टर आल्या. स्वभावाने फार मायाळू. पाळी कशी येते, किती दिवस असते, सगळं नीट विचारलं. मी सांगितलं की दुसऱ्या बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जातं, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावा लागतो. त्या म्हणाल्या, मग तर मिरेना तुम्हाला चांगलीच लागू पडेल, रक्तस्राव कमी होईल. बोलता बोलता त्यांनी ते कॉम्प्युटरवर टाइप केलं. बसवताना मला दुखलं, चांगलंच दुखलं. कुणी "काही कळत नाही" असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, आणि वेदनेसाठी काय देणार ते आधीच विचारा. पण काही मिनिटांत सगळं आटोपलं आणि मी स्वतः गाडी चालवत घरी आले.

पुढे ईओबी आला. इथे नवीन असणाऱ्यांसाठी सांगते, उपचार झाले की विमा कंपनी एक कागद पाठवते, एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स. वर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं की हे बिल नाही. पण उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात तुम्ही किती देणं लागता ते असतं. माझ्या त्या रकान्यात साडेसोळाशे डॉलरच्या आसपास रक्कम होती. साधन, बसवणं, त्या दिवसाची व्हिजिट, टेस्ट, सगळं डिडक्टिबलला लावलेलं.

फोनवर रेफरन्स नंबर सांगितला. पलीकडच्या मुलीने तो कॉल शोधला, मला दिलेलं उत्तर तिलाही दिसलं. ते उत्तर झेड ३०.४३० साठी होतं, असं ती म्हणाली. क्लिनिककडून आलेल्या क्लेममध्ये पहिला निदान-कोड होता एन ९२.०, म्हणजे नियमित पाळीत जास्त रक्तस्राव. तो आजार झाला. आजारावरचा उपचार प्रतिबंधक सेवेत बसत नाही, त्याला डिडक्टिबल लागतं.

म्हणजे साधन तेच, डॉक्टर त्याच, टेबल तेच. गर्भ राहू नये म्हणून बसवलं तर शून्य, आणि अंगावरून जातं म्हणून बसवलं तर साडेसोळाशे. मी गेले होते गर्भनिरोधनासाठी, अपॉइंटमेंटही त्याच नावाने घेतली होती. पाळीबद्दल विचारलं म्हणून खरं ते सांगितलं. आणि त्या एका ओळीवर अख्खा क्लेम फिरला.

माझ्या ईओबीवर निदानाचा कोड छापलेलाच नव्हता. बहुतेक जणींना तो दिसत नसणार, त्या बिल बघतात, हळहळतात आणि भरून टाकतात. म्हणून क्लिनिककडे आयटमाइज्ड बिल, म्हणजे प्रत्येक बाब वेगळी दाखवणारं बिल मागावं. ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि त्यात बहुतेकदा प्रत्येक ओळीसमोर कोड असतो. बिलिंगच्या बाईंशी बोलले तेव्हा त्या आधी ऐकायलाच तयार नव्हत्या. नोंदीत जे आहे तेच आम्ही कोड करतो, विम्यासाठी कोड बदलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खोटा कोड घालणं म्हणजे फसवणूक, आणि मला तसं काही करायचंच नव्हतं. मग मी पेशंट पोर्टलवर जाऊन त्या दिवसाची डॉक्टरांची नोंद उघडली. पहिलंच वाक्य होतं: रुग्णाला दीर्घकालीन गर्भनिरोधन हवे आहे. रक्तस्रावाचा उल्लेख चार ओळी खाली, पूर्वेतिहासात. भेटीचं मुख्य कारण काय ते डॉक्टरांनीच लिहून ठेवलं होतं. कोड लावताना क्रम उलटा झाला होता.

मी डॉक्टरांना पोर्टलवरूनच छोटा निरोप पाठवला, ते वाक्य जसंच्या तसं उतरवून. त्यांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं आणि बिलिंगला सुधारित क्लेम पाठवायला सांगितलं. बिलावर तोपर्यंत एक पैसाही भरला नाही. खातं होल्डवर ठेवा, क्लेम पुन्हा जातोय, असं लेखी कळवलं. हे लेखी कळवणं महत्त्वाचं, नाहीतर तगाद्याची पत्रं सुरू होतात.

सुधारित क्लेमनंतरच्या ईओबीत साधन आणि बसवणं शून्यावर आलं. राहिली लघवीची टेस्ट, त्या दिवसाच्या व्हिजिटचा चार्ज, आणि नंतर साधनाचे दोरे जागेवर आहेत का ते तपासायला गेले तेव्हा झालेली सोनोग्राफी. आधीच्या मानाने रक्कम लहान होती. नवरा म्हणाला, भरून टाकू या, किती डोकेफोड करशील. पण मला ते पटेना. टेस्ट मी हौसेने केली नव्हती. ती केल्याशिवाय क्लिनिक साधन बसवतच नाही.

शोधताना मला नेमकं हेच उत्तर सापडलं. २८ जुलै २०२२ रोजी अमेरिकेच्या कामगार, आरोग्य आणि अर्थ या तीन खात्यांनी मिळून प्रश्नोत्तरांच्या रूपात खुलासा काढला होता. गर्भनिरोधनाची सेवा देण्यासाठी जे जे आवश्यक आहे ते वेगळं बिल केलं तरी विनाखर्च द्यायचं, असं त्यात स्पष्ट आहे. आणि उदाहरणं दिली आहेत ती कोणती? ट्यूबल लायगेशनसाठी, म्हणजे बाईच्या नसबंदीसाठी, लागणारी भूल, आणि गर्भाशयातलं साधन बसवण्याआधीची प्रेग्नन्सी टेस्ट. माझीच केस जणू. मी ते पान छापलं, त्या ओळीखाली रेघ मारली आणि अपिलाच्या पत्राला जोडलं. अपील करायला नकार मिळाल्यापासून १८० दिवसांची मुदत असते. तिथेही नकार आला तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तटस्थ तपासणीची मागणी करता येते.

इथे आणखी एक गोष्ट कळली. मला वाटत होतं तक्रार राज्याच्या विमा खात्याकडे करायची. पण नवऱ्याच्या कंपनीचा प्लॅन सेल्फ-फंडेड निघाला. म्हणजे कार्डावर नाव विमा कंपनीचं, पण पैसे मालक कंपनीच्या तिजोरीतून जातात, विमा कंपनी फक्त कागद हलवते. अशा प्लॅनवर राज्याचे विमा कायदे चालत नाहीत, त्यांच्यावर केंद्राच्या कामगार खात्याची देखरेख असते. मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये आपली जी मंडळी आहेत त्यांच्यापैकी पुष्कळांचे प्लॅन असेच असतात. कामगार खात्याच्या लाभ-सल्लागाराला फोन केला, तो फुकट असतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अपिलात काय लिहायचं ते सांगितलं. परक्या देशात सरकारी फोनवर एवढ्या आपुलकीने कुणी बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

निकाल असा: टेस्ट आणि व्हिजिट शून्यावर आली. सोनोग्राफी त्यांनी मानली नाही. दोरे दिसत असताना ती गरजेची नव्हती, असं त्यांचं म्हणणं. ते पैसे मी भरले. बाहेरच्या तपासणीपर्यंत जायला हवं होतं असं अजून वाटतं, पण तेव्हा धाकटी आजारी होती, अंगात त्राण नव्हतं.

हा नियमही सगळ्यांपर्यंत पोचत नाही. माझी एक मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे, एका धार्मिक संस्थेच्या रुग्णालयात. तिच्या प्लॅनमध्ये गर्भनिरोधन नाहीच. हॉबी लॉबी या दुकानांच्या कंपनीच्या खटल्यात ३० जून २०१४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने तर काही खासगी कंपन्यांच्या मालकांनाही धर्मश्रद्धेच्या आधारे यातून बाहेर पडायची वाट मिळाली. माझ्या त्या मैत्रिणीने शेवटी टायटल टेन या केंद्राच्या कुटुंबनियोजन योजनेतून अनुदान मिळणाऱ्या क्लिनिकमध्ये जाऊन, उत्पन्नाप्रमाणे फी भरून आपलं काम करून घेतलं. १९७० पासूनची योजना आहे ती, आणि आपल्या बायकांना तिचा पत्ता नसतो. याशिवाय २०१० च्या आधीपासून फारसा बदल न करता चालत आलेले काही जुने प्लॅन आहेत, त्यांनाही हा नियम लागू नाही.

आणि नवऱ्यांचं काय? आम्ही नसबंदीचाही विचार केला होता. ती सोपी, टाके नाहीत, बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी सुरक्षित. पण केंद्राचा नियम स्त्रियांच्या प्रतिबंधक सेवांपुरताच आहे. पुरुषाच्या नसबंदीला आमच्या प्लॅनमध्ये डिडक्टिबल लागतं. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने २०२४ पासून तिथल्या राज्य-नियंत्रित प्लॅनमध्ये तीही विनाखर्च केली आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी जबाबदारी बाईने घेतली तर फुकट आणि पुरुषाने घेतली तर पैसे, असा हिशेब पडतो. मला हे अजिबात योग्य वाटत नाही.

हे सगळं चालू असताना माझी धाकटी बहीण पुण्यात नेमकी उलट बाजूने याच भिंतीवर आपटत होती.

तिला फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयात गाठी आहेत. अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन आठच्या खाली उतरलं. डॉक्टरांनी हिस्टेरोस्कोपी करून आतून तपासणी केली आणि त्याच भुलीत मिरेना बसवली, गर्भाशय काढण्याची वेळ येऊ नये म्हणून. कॅशलेस मंजूर झालं होतं. डिस्चार्जच्या वेळी टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचं, अंतिम पत्र आलं, त्यात मिरेनाची किंमत आणि ती बसवण्याचा चार्ज वजा केलेला. कारण म्हणून लिहिलं होतं: गर्भनिरोधन, वगळलेली बाब.

"ताई, अगं माझं ऑपरेशन झालंय ना," ती फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली. "मला कशाला हवंय गर्भनिरोधन?"

खरंच होतं. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच तिने कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. आणि तेव्हाही मॅटर्निटी क्लेममधून त्या ऑपरेशनची ओळ अशीच कापली गेली होती. भारतात विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये वगळण्याच्या बाबींची भाषा एकसारखी केली. १ ऑक्टोबर २०२० पासून जुन्या पॉलिसींनाही ती लागू झाली. त्यातला १७ क्रमांकाचा कोड वंध्यत्वाचा. त्यात आयव्हीएफ, सरोगसी यांच्या रांगेत पहिलीच ओळ आहे: कोणत्याही प्रकारचं गर्भनिरोधन, नसबंदी. पॉलिसीच्या पुस्तकात "एक्सक्ल १७" असं शोधलं की सापडतं. तांबीसाठी तर क्लेमचा प्रश्नच येत नाही. ती ओपीडीत बसते, आणि नेहमीच्या मेडिक्लेमला चोवीस तास भरती किंवा डे-केअरच्या यादीतली प्रक्रिया लागते.

एक मोठा फरक मात्र मान्य केला पाहिजे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात तांबी फुकट मिळते, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवतात. माला-एन गोळ्या फुकट, निरोध फुकट, २०१७ पासून अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळीही आली. नसबंदी फुकट होते, वर बुडालेल्या मजुरीपोटी रक्कम मिळते, आणि पुरुषाला बाईपेक्षा जास्त मिळते. आमच्या आईने पाळणा लांबवण्यासाठी तांबी बसवली होती ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक पैसा न देता. विम्याने जे वगळलं ते सरकारने अंगावर घेतलं. पण खासगी रुग्णालयात बाळंत होणारी, पगारातून मेडिक्लेमचा हप्ता भरणारी बाई या दोन्हींच्या मध्ये पडते.

बहिणीला मी सांगितलं, पॉलिसी काय म्हणते त्यावर वाद घालू नकोस, कागदावर कारण काय लिहिलंय ते बघ. डिस्चार्ज समरीत शस्त्रक्रियेच्या रकान्यात फक्त "मिरेना इन्सर्शन" एवढंच होतं. कशासाठी, ते त्या ओळीत नव्हतं. तिने डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं: रुग्णाची ट्यूबेक्टमी (कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन) आधीच झालेली आहे, साधन गर्भनिरोधनासाठी बसवलेलं नसून फायब्रॉइडमुळे होणाऱ्या अतिरक्तस्रावावरचा उपचार म्हणून बसवलं आहे. सोबत हिमोग्लोबिनचे रिपोर्ट, सोनोग्राफी आणि जुन्या सिझेरियनचं डिस्चार्ज कार्ड, ज्यावर ट्यूबेक्टमीची नोंद होती. टीपीएचा माणूस "मॅडम, हे पॉलिसीत बसत नाही" एवढंच म्हणत राहिला. म्हणून तिने ते थेट विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला ईमेल केलं, आणि आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकली. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. तिला तिथवर जावं लागलं नाही. कापलेले पैसे खात्यात आले.

दोघींच्या शरीरात एकच साधन आहे. अमेरिकेत मला सिद्ध करावं लागलं की ते गर्भनिरोधनासाठीच आहे. पुण्यात तिला सिद्ध करावं लागलं की ते गर्भनिरोधनासाठी नाहीच. बाईच्या शरीरात ही कारणं अशी वेगळी नसतात. माझंच बघा, मूल नको होतं आणि पाळीचा त्रासही होता, आणि एका साधनाने दोन्ही भागलं. डॉक्टर तसंच बघतात. पैसे कोण देणार हे ठरवणारा माणूस मात्र फक्त पहिली ओळ वाचतो. म्हणून मी आता ओळखीच्या प्रत्येकीला सांगते, डॉक्टरांकडून निघण्याआधी विचारा: आजच्या भेटीचं मुख्य कारण म्हणून तुम्ही काय लिहिलंत? त्यांना राग येत नाही. माझ्या डॉक्टर तर म्हणाल्या, हे सगळ्यांनी विचारलं तर आमचंही काम वाचेल.

आता नवरा नोकरी बदलतोय. नव्या कंपनीच्या एचआरला मी त्याच्या ईमेलमधून दोन प्रश्न पाठवले आहेत: प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का, आणि गर्भनिरोधनाबाबत कंपनीने धार्मिक सवलत घेतली आहे का. साधन काढणंही याच नियमात विनाखर्च येतं, त्याचा कोड झेड ३०.४३२. तो मी त्याच वहीत, त्या जुन्या रेफरन्स नंबरखाली लिहून ठेवला आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलंय, हो, सेल्फ-फंडेड. दुसऱ्याची वाट बघतेय.